दोन मायक्रोलिटर जस्त

"आलं का काही?" मी विचारलं.

डार्करूममधल्या लाल दिव्याखाली जयमाला चिमट्यानं फिल्म डेव्हलपरमध्ये हलवत होती. मी तिच्या खांद्यामागे उभी होते. बाहेर कॉरिडॉरमधून अकराच्या चहाची गाडी खडखडत चालली होती. फिल्मच्या तळाशी एकेक काळी रेघ उमटत आली. आठ रेघा, एका ओळीत. वरची सगळी फिल्म कोरी.

"सगळं खालीच," ती म्हणाली. "काहीच धरलं नाही बघा, ताई. हे चौथ्यांदा."

मी "अरेरे" म्हणाले. तोंडानंच.

तिनं फिल्म धुऊन दोरीला अडकवली आणि अ‍ॅप्रनला हात पुसत माझ्याकडे वळली. "एक विचारू का? तुमच्या त्या डायलिसिसच्या बफरमध्ये काय काय असतंय, सांगा की एकदा. वहीत मी नुसतं 'ताईंचं बफर' लिहिलंय. सर रागावतील."

"ट्रिस," मी म्हणाले. "मीठ. ग्लिसरॉल."

"अजून?"

"बस, एवढंच."

तिनं मान डोलावली. लाल उजेडात कुणाचाच चेहरा नीट दिसत नाही. तिला माझा दिसला नाही.

ही गोष्ट फेब्रुवारी १९९८ची, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतली. मी मृदुला खांबेटे तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि माझं पीएचडीचं पाचवं वर्ष चालू होतं. आमचे मार्गदर्शक देवस्थळी सर. लॅबमध्ये आणखीही दोघं होती, पण ही गोष्ट आम्हा तिघांची आहे.

जयमाला हाणेगावे देगलूरची. एमएस्सी नांदेडला केलेली. आदल्या जूनमध्ये ती असिस्टंट म्हणून लागली, एका वर्षाच्या बोलीवर. मार्चमध्ये समितीपुढे काम दाखवायचं होतं. पसंत पडलं तर पीएचडीला नाव लागणार, फेलोशिप मिळणार. नाही तर परत देगलूर. तिथल्या ज्युनियर कॉलेजनं तिला नोकरी देऊ केली होती. ती मला एकदा म्हणाली होती, "नोकरी वाईट नाही ओ ताई. पण हे सगळं बघितल्यावर तिथं मन लागंल का?"

हे सगळं म्हणजे झिंक फिंगर. आपल्या पेशीतली काही प्रोटीनं डीएनएला जाऊन धरतात आणि एखादा जीन चालू किंवा बंद करतात. डीएनएच्या एवढ्या लांबलचक दोरात त्यांना नेमकी जागा सापडते कशी, हा प्रश्न. झिंक फिंगर जातीच्या प्रोटीनांना त्यासाठी बोटं असतात. एक बोट म्हणजे साखळीचा तीसेक दुव्यांचा तुकडा, स्वतःभोवती दुमडलेला. ती घडी टिकते जस्ताच्या एका कणामुळे. साखळीतल्या चार जागा त्या कणाला चहूबाजूंनी धरून बसतात. घडी पक्की असली की बोट डीएनएच्या पिळातल्या खाचेत उतरतं आणि साधारण तीन अक्षरं चाचपून ओळखतं. तीन बोटं असली तर नऊ अक्षरं. जयमालाच्या प्रोटीनला तीन बोटं होती, आणि मधलं बोट बदलून त्याला वेगळी तीन अक्षरं ओळखायला लावायची, हे तिचं काम. जमलं तर पुढेमागे हव्या त्या जीनवर नेमकं बोट ठेवता येईल, असं सर म्हणायचे आणि म्हणताना खुर्चीतून उठायचे.

धरतंय की नाही हे बघायची रीत सोपी होती. डीएनए एकटा असला तर वीज लावलेल्या जेलमधून, म्हणजे खळीसारख्या घट्ट थरातून, भराभर खाली पळतो. प्रोटीननं त्याला धरलं की तो जड होतो आणि वरच अडकतो. मग त्या जेलची छाप फिल्मवर घ्यायची. वरच्या बाजूला पट्टा आला की जिंकलं.

हे काम दोन वर्षांपूर्वी मी सरांकडे मागितलं होतं. "आधी तुझं संपव," म्हणाले होते. माझं संपत नव्हतं. माझं प्रोटीन वेगळं होतं, हट्टी होतं, आणि माझा पेपर दोन ठिकाणांहून परत आला होता. मग ही मुलगी आली आणि सात महिन्यांत तिनं ते बोट बदलूनसुद्धा दाखवलं. मला सर केबिनमध्ये बोलावत. तिच्या टेबलापाशी ते स्वतः येत, चहाचा कप हातात घेऊन, आणि कप गार होईपर्यंत उभे राहत. ती काहीतरी बोलायची, सर हसायचे. काय बोलायची ते मला ऐकू यायचं नाही. मी पिपेट खाली ठेवून घड्याळ बघायची. एकदा सव्वीस मिनिटं झाली होती.

तर तिला न सांगितलेला चौथा पदार्थ होता ईडीटीए. धातूचा कण दिसला की त्याला विळखा घालून ओढून नेणारं रसायन. माझ्या प्रोटीनला धातू लागत नसे. उलट, प्रोटीन कुरतडणारी काही एन्झाइम्स धातूवर चालतात, म्हणून पाच वर्षं मी ते सवयीनं घालत आले होते. कोल्डरूममध्ये माझी पाच लिटरची बाटली असे, तिच्यावर फक्त 'डायलिसिस, मृदुला' आणि तारीख. जयमालानं जानेवारीत त्यातलं बफर मागितलं होतं आणि मी "घे की" म्हणाले होते. डायलिसिस म्हणजे प्रोटीन धुऊन घेणं. तिचं प्रोटीन बारीक छिद्रांच्या पिशवीत बांधून रात्रभर त्या बफरच्या द्रावणात पडून राहायचं, आणि रात्रभरात ईडीटीए प्रत्येक बोटातलं जस्त काढून घ्यायचं. सकाळी हातात राहायचं ते बोटं नसलेलं प्रोटीन. ते काय धरणार?

हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं, शपथेवर सांगते. डार्करूममध्ये ग्लिसरॉलनंतर तो शब्द जिभेवर आला आणि त्याच क्षणी सगळं उलगडलं. ती सहा फेब्रुवारी, शुक्रवार. बफर दिलं इथपर्यंत मी निर्दोष होते.

सोमवारी सरांनी तिला माझ्यासमोरच विचारलं, "बफर तपासलंस?"

"हो सर. ट्रिस, मीठ, ग्लिसरॉल. मृदुलाताईंचंच आहे."

"मग प्रश्न नाही," सर म्हणाले. "दुसरीकडे बघ."

ती दुसरीकडे बघत राहिली. तिनं डीएनए नव्यानं करून घेतला, मिठाचं प्रमाण बदललं, तापमान बदललं. माझ्या टेबलावरून तिचा चेहरा दिसायचा. दिवसागणिक तो लहान होत चालला होता, आणि सर तिच्या टेबलापाशी येईनासे झाले होते. मी त्या दिवसांत घरी नीट जेवत होते, झोपत होते. हेही सांगायला हवं.

सतराला तिचे वडील आले. देगलूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक. काळे, उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि हातात नायलॉनची पिशवी. कुणाच्या तरी लग्नासाठी पुण्याला आले होते, दुपारच्या गाडीनं परत जायचे होते. लॅबच्या दारातच त्यांनी चपला काढल्या.

"बापू, चपला राहू द्या," जयमाला म्हणाली. "इथं खाली काहीबाही सांडलेलं असतंय."

ते चपला घालून आत आले आणि मला हात जोडले. "तुमीच का मृदुलाताई? पोरगी फोनवर तुमचंच सांगत असती. तुमी आहात म्हणून आमाला घोर नाही बघा."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. जयमालाच्या टेबलाकडे बघत म्हणाले, "जयू, तू नेमकं करतीस काय, एकदा दाखव मला. तुझी आई विचारली की मला सांगता येत नाही."

तिनं आपली ओढणी काढून दोन पदरी पिळली, एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये अडकवलं. मग त्यांचा दुसरा हात घेतला. रापलेला, नखांत ग्रीस मुरलेलं. त्यांची तीन बोटं तिनं पिळाच्या खाचेत एकापाठोपाठ एक बसवली. "हा डीएनए, आणि हे प्रोटीन. एक बोट तीन अक्षरं वाचतंय. आंधळा माणूस चाचपून वाचतो तसं. सगळी जुळली तरच धरतंय, नाही तर सोडून पुढं जातंय."

"आणि बोट ताठ कशानं राहतंय? हाड असतंय का आत?"

"हाड नाही. जस्ताचा एक कण असतो."

"जस्त?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आपल्या बादलीला असतंय ते?"

"तेच."

त्यांनी जरा विचार केला. वर्कशॉपमधला माणूस, पुढचा प्रश्न त्यांना सुचणारच होता. "मग जस्त निघालं तर?"

मी हातातली ट्यूब रॅकमध्ये ठेवली.

"मग बोट लुळं पडतंय, बापू," जयमाला म्हणाली. "पकड सुटली."

मला वाटलं, आता तिला कळणार. तिच्याच तोंडून आलंय. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पण ती ओढणीची घडी करत होती. जस्त काढून घेणारं काही आपल्या बाटलीत असेल ही शंका यायला आधी माझ्यावर शंका यायला हवी होती, आणि ती तिला आली नाही.

निघताना बापूंनी पिशवीतून धपाट्यांचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "समितीत पास होईल ना हो ती? रात्री झोपत नाही म्हणती."

"होईल," मी म्हणाले.

ती त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेली. बाकीची दोघं जेवायला गेली होती. मी कोल्डरूममध्ये जाऊन तिचा रॅक काढला. ट्यूबवर तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बदललेलं, २० मायक्रोलिटर'. मी झिंक क्लोराइडच्या द्रावणातून दोन मायक्रोलिटर उचलले, ईडीटीएला पुरून उरतील इतके, आणि त्या ट्यूबमध्ये सोडले. मायक्रोलिटर म्हणजे एका थेंबाचा पन्नासावा भाग वगैरे. टिचकी मारून मिसळलं आणि ट्यूब जागेवर ठेवली. सांगायचं तर अकरा दिवस का सांगितलं नाहीस, हा प्रश्न आला असता. असं केलं तर कुणी काही विचारणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी डार्करूमचं दार धाडकन उघडलं आणि जयमाला ओली फिल्म हातात घेऊन पळत बाहेर आली. "ताई! ताई, धरलंय!"

फिल्मच्या वरच्या बाजूला एक पट्टा होता, काळाभोर, कापून ठेवल्यासारखा स्वच्छ. शेजारी, जिथं चुकीची अक्षरं असलेला डीएनए घातला होता, तिथं काही नाही. बदललेलं बोट नेमकी नवी तीन अक्षरं वाचत होतं. तिनं मला मिठी मारली. तिच्या केसांना फिक्सरचा वास येत होता.

सर केबिनमधून आले. फिल्म खिडकीशी धरून बघत राहिले, मग बाकीच्या दोघांना हाक मारली, शेजारच्या लॅबमधल्या कुलकर्णी मॅडमना हाक मारली. "हे बघा. ही देगलूरची मुलगी. हे बघा काय केलंय हिनं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मृदुला, पाच वर्षांत आपल्या लॅबमध्ये अशी फिल्म आली नाही."

पाच वर्षं म्हणजे मी होते. त्यांना तसं म्हणायचं नसेल. पण मी तिथं उभी होते, आणि ते पाच म्हणाले होते.

"आता ताजं प्रोटीन करून दोनदा दाखव," सर तिला म्हणाले. "बारा मार्चला समिती आहे. मग माझी काही काळजी नाही."

तिनं ताजं प्रोटीन केलं. फिल्म कोरी. पुन्हा केलं. पुन्हा कोरी.

सरांचा स्वर बदलला. त्या वर्षी दुसऱ्या एका गावच्या लॅबमध्ये खोटे निकाल दाखवल्याचं प्रकरण झालं होतं आणि सगळे मार्गदर्शक धसका घेऊन होते. तीन मार्चला त्यांनी तिची वही केबिनमध्ये मागवली. दार उघडं होतं.

"पहिल्या वेळी ट्यूबमध्ये काय होतं?"

"हेच प्रोटीन, सर."

"मग आता का धरत नाही?"

"माहीत नाही, सर."

"जयमाला, मी एकदाच विचारतो. मूळचं, न बदललेलं प्रोटीन आणि त्याचाच जुना डीएनए तर घातला नव्हतास? दाखवायची घाई असते, होतं माणसाकडून."

"नाही, सर." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू.

"उद्यापर्यंत मला कारण हवं. नाही तर हे समितीपुढे नेता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. "ताई, जरा कोल्डरूममध्ये येता का?"

आत चार अंश तापमान. दार लागलं की पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. तिनं जुनी ट्यूब हातात धरली होती.

"मी जुनं आणि नवं प्रोटीन एकाच जेलवर चालवलं. जुनं अजून धरतंय. नवं नाही धरत. म्हणजे फरक या ट्यूबमध्येच आहे." तिनं ट्यूब उजेडाकडे धरली. "यात वीस होतं, ताई. तेव्हा पाच वापरलं, म्हणजे पंधरा उरायला पाहिजे. आज जेलला घ्यायच्या आधी मोजलं तर सतरा. पाणी उडून कमी होतंय, वाढत नाही. कुणीतरी यात काहीतरी घातलंय. चांगलंच घातलंय, वाईट नाही. पण सरांना वाटायलंय की मी चोरी केली. तुम्हाला काही माहीत आहे का? कुणी इथं आलतं का?"

तिच्या डोक्यात माझं नाव नव्हतंच. घरातल्या मोठ्या बहिणीला विचारावं तसं ती विचारत होती. मी "नाही" म्हणाले असते तर तिनं ते वहीत लिहून घेतलं असतं.

"मी घातलं," मी म्हणाले. "जस्त. दोन मायक्रोलिटर."

तिची नजर सरकत सरकत माझ्या मोठ्या बाटलीवर गेली आणि तिथंच थांबली. तिला फार वेळ लागला नाही.

"ईडीटीए?"

"हो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"डार्करूममध्ये. तू विचारलंस तेव्हा."

"मी विचारलंतं की तुम्हाला." हे ती दोनदा म्हणाली. "मग ट्यूबमध्ये गुपचूप घालायचं कशाला? नवं बफर करून दिलं असतं तर मला कळलंसुद्धा नसतं."

"धीर झाला नाही."

"पण का, ताई?"

खरं होतं तेच तोंडातून निघून गेलं. "सर तुझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात."

ती हसली की काय असा आवाज आला, पण ती हसत नव्हती. थंडीनं तिचे दात वाजत होते. "येतात, आणि काय म्हणतात माहीत आहे? 'मृदुलाची वही बघ. मृदुलाचं पिपेटिंग बघ. हात असावा तर मृदुलासारखा.' आठ महिने हेच ऐकायलेय मी. काय काय म्हणून सांगू? शेवटी मी हसण्यावारी न्यायला लागले, मग तेही हसायचे. मला काय तुमचा कमी हेवा वाटला?" तिनं ट्यूब रॅकमध्ये परत ठेवली. "पण मी तुमच्या ट्यूबला हात नाही लावला."

तिथून आम्ही दोघी सरळ सरांच्या केबिनमध्ये गेलो. तिनं मला चला म्हटलं नाही. ती निघाली आणि मी मागे गेले. बोलले मात्र मीच. सरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कळलं कोणत्या तारखेला?"

"सहा फेब्रुवारी."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "सव्वीस दिवस." मग जयमालाची वही उघडून, ती फिल्म चिकटवलेलं पान माझ्यापुढे सरकवलं. "लिही. काय घातलंस, किती, किती वाजता. खाली सही कर."

मी लिहिलं. दुसऱ्याच्या वहीत लिहिताना अक्षर आपलं वाटत नाही.

"मी तुझ्यावर संशय घेतला," सर जयमालाला म्हणाले. "माझं चुकलं." मग फिल्मवर बोट ठेवून म्हणाले, "शास्त्राच्या हिशेबानं हा प्रयोग आता मृदुलाचा झाला. जस्त घातल्यावर पकड परत येते, हे दाखवलं हिनं. छापायचं झालं तर हिचं नाव घालावं लागेल."

"ही फिल्म मला नको, सर," जयमाला म्हणाली. "मी पहिल्यापासून सगळं करते. बफरपासून."

"आठ दिवस आहेत."

"होईल."

आठ दिवसांत तिनं खरंच सगळं केलं. बाटल्या स्वतः धुतल्या, मीठसुद्धा नव्या डब्यातलं घेतलं. बारा मार्चला समितीसमोर तिनं तीन फिल्म दाखवल्या, तिन्ही स्वतःच्या. जस्त असताना पट्टा, जस्त काढल्यावर नाही, परत घातल्यावर पुन्हा पट्टा. मी मागच्या रांगेत बसले होते. समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "जस्त जातंय हे लक्षात कसं आलं तुझ्या?"

"लॅबमध्ये माहीत होतं, सर. मला उशिरा कळलं."

सगळे हसले. त्यांना तो विनय वाटला. तिचं नाव त्याच दिवशी पीएचडीला लागलं.

त्यानंतर अडीच वर्षं आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं. ती मला मॅडम म्हणायची. कधी वाकडा शब्द बोलली नाही, चहा आला की माझा कप माझ्या टेबलावर ठेवायची. सरांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त कुणाला माझा हात बघ म्हणून सांगणं बंद झालं. मी सातव्या वर्षी पीएचडी पूर्ण करून सांगलीला कॉलेजात शिकवायला लागले.

एक गोष्ट मी त्या पानावर लिहिली नव्हती. कोल्डरूममध्ये जयमालानं विचारलं होतं, नवं बफर का करून दिलं नाही, आणि मी धीर झाला नाही म्हणाले होते. ते खोटं होतं. मी केलं होतं. तिचे वडील आले त्याच दुपारी, ट्यूबमध्ये जस्त घातल्यावर, मी दोन लिटर नवं बफर केलं होतं, ईडीटीए न घालता. बाटलीवर तसंच लेबल लावून ती माझ्या टेबलाखाली ठेवली होती. फिल्म चांगली आली की जुन्या बाटलीच्या जागी ही ठेवायची, मग सगळं आपोआप सरळ होईल, असा विचार होता. आणि फिल्म आली, सर खिडकीशी उभे राहून पाच वर्षं म्हणाले, आणि सगळे पांगल्यावर मी ती बाटली बेसिनमध्ये ओतली. नळ सोडून. दोन लिटर ओतायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्यात थांबता आलं असतं. पुढच्या आठवड्यात जयमालानं जुन्या बाटलीतलं बफर काढलं, तेव्हा तिचे हात ओले होते म्हणून प्रोटीनच्या पिशवीची गाठ मीच मारून दिली.

२०११ साली हैदराबादच्या एका परिषदेत ती भेटली. तिची स्वतःची लॅब होती, केस थोडे पांढरे झाले होते. जेवणाच्या रांगेत तिनंच मला ओळखलं. तिच्याभोवती चार-पाच विद्यार्थी होते. "या मृदुला खांबेटे," तिनं त्यांना सांगितलं. "यांच्या शेजारी बसून मी प्रोटीन करायला शिकले." त्यात काही खोटं नव्हतं.

मुलं पुढे गेली. आम्ही ताटं घेऊन भिंतीशी उभ्या राहिलो. बापू कसे आहेत, मी विचारलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, म्हणाली. मग मी म्हणाले, "जयमाला, तुला एक सांगायचं राहिलंय."

"बोला ना."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिची एक विद्यार्थिनी पळत आली. उद्या तिचं पोस्टर होतं आणि कुठल्याशा आकड्याचा मेळ लागत नव्हता. हातातला कागद जयमालापुढे धरून ती घाबऱ्या घाबऱ्या बोलत सुटली. जयमालानं ताट खिडकीत ठेवलं, कागद घेतला, आणि तिथंच उभ्या उभ्या तिला सांगायला लागली. कुठं चुकलं, का चुकलं, आणखी कुठं चुकू शकतं, स्वतःकडून पूर्वी कुठं चुकलं होतं. भात गार झाला तरी ती सांगतच होती. मुलगी मान डोलावत होती, निर्धास्त, पेन्सिलीनं भराभर लिहून घेत.

मी दोन पावलं मागे सरकून उभी राहिले. त्या मुलीचा मला हेवा वाटला.